बुदोकानमधला सैल माइक

निशी-कासाई, टोकियो
१ जुलै

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी उत्तर लिहिले नाही, म्हणून तू मनातल्या मनात मला चार शब्द सुनावले असतीलच. उशीर झाला तो आळसाने नव्हे. लेकीकडे निघालो तेव्हा विमानतळावर तू एक काम सांगितले होतेस: बीटल्स ही विलायती गायक-वादकांची चौकडी पहिल्यांदा आणि शेवटची जपानला आली, तेव्हा तिथल्या टेलिव्हिजनने त्यांचे जे चित्रण केले, ते नीट बसून पाहायचे आणि तुला कळवायचे. तुझी सारी नोकरी ध्वनिमुद्रणात गेली, माझी बँकेच्या खातेवहीत. त्यामुळे हे काम मला सांगणे म्हणजे आंधळ्याला रंग निवडायला लावण्यासारखेच होते. तरी पाहिले, दोन-तीनदा पाहिले, आणि आज १ जुलै म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. १९६६ साली याच तारखेला, शुक्रवारी रात्री ९ वाजता, निप्पॉन टेलिव्हिजनने तो कार्यक्रम दाखवला होता.

आधी बुदोकानला, म्हणजे त्यांचे कार्यक्रम झाले त्या सभागृहाला, जाऊन आलो. कुदानशिता स्थानकातून वर आले की चढण लागते, मग खंदक, मग जुन्या किल्ल्याचा तायासु दरवाजा, आणि आत शिरताच ती अष्टकोनी इमारत. टोकियो ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी १९६४ साली ती बांधली. नारा प्रांतातल्या होर्यू-जी देवळाच्या अष्टकोनी मंडपावरून तिचा घाट घेतलेला आहे. छताच्या टोकाला सोनेरी गोळा आहे. जपानी लोक त्याला कांदा म्हणतात, मला मात्र तो कळसच वाटला. ही जागा म्हणजे युद्धकलांचे देऊळ, तिथे विलायती केसाळ पोरांनी गिटार वाजवायची म्हणजे विटाळ झाला, असे म्हणत त्या वेळी उजव्या गटांनी रस्त्यावर उतरून निदर्शने केली होती. यातली गंमत अशी की, दोनच वर्षांपूर्वी याच सभागृहात, सगळ्या देशाच्या डोळ्यांदेखत, अँटन हेसिंक नावाच्या डच पहिलवानाने जपानच्या कामिनागाला चीत करून ज्युदोच्या खुल्या गटाचे सुवर्णपदक नेले होते. विटाळच मानायचा तर तो तेव्हाच होऊन गेला होता.

हे सारे टेलिव्हिजनच्या अंगाने सांगायचे तर मात्सुतारो शोरिकी या गृहस्थापासून सुरुवात करावी लागते. योमिउरी शिंबुन हे वर्तमानपत्र त्यांचे, निप्पॉन टेलिव्हिजन ही जपानची पहिली खासगी वाहिनी त्यांनी १९५३ साली काढलेली, आणि बुदोकानचे पहिले अध्यक्षही तेच. नागाशिमा नावाच्या आयोजकाने बीटल्सना आणण्याचे ठरवले, योमिउरीने पाठबळ दिले, सभागृह बुदोकानचे मिळाले आणि चित्रणाचा हक्क निप्पॉन टेलिव्हिजनला. आपल्याकडे म्हणतात तसे घरचेच लग्न आणि घरचाच मांडव. शोरिकींनी वाहिनी काढली तेव्हा संच विकत घेण्याची ऐपत फारच थोड्यांची होती, म्हणून त्यांनी चौकाचौकांत आणि स्थानकांबाहेर उघड्यावर संच बसवले, आणि रिकिदोझान या मल्लाच्या कुस्त्या पाहायला त्यांच्यापुढे हजारो माणसे उभी राहू लागली. (चाळीत एकाच बिऱ्हाडी टीव्ही होता आणि रविवारच्या सिनेमाला आपण जिन्यात बसून माना उंचावायचो, त्याची तुला आठवण येईल, पण ते पुष्कळ नंतरचे, मुंबईला टीव्हीच १९७२ साली आला.) हे तुला सांगतो कारण हॉटेलातल्या पत्रकार परिषदेत बुदोकानच्या पावित्र्याचा प्रश्न निघाला, तेव्हा चौघांतल्या मॅकार्टनीने समजुतीचे उत्तर दिले की, जपानचे नर्तक ब्रिटनला आले तर त्यांनी आमची परंपरा भ्रष्ट केली असे तिथे कुणी म्हणत नाही, आम्ही तर बोलावले म्हणून आलो; आणि त्याचा जोडीदार लेननने वर पुस्ती जोडली की, काही झाले तरी कुस्तीपेक्षा गाणे पाहिलेले बरे. शोरिकींची वाहिनी कुस्तीवर उभी राहिली होती, हे लेननला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

आता प्रत्यक्ष चित्रण. त्याची सुरुवात विमानतळापासून होते आणि माझ्या मते तोच भाग सर्वांत सुंदर आहे. वादळामुळे विमान अलास्कातल्या अँकरेजला अडकून पडले होते, त्यामुळे २८ जूनला यायचे ते २९ जूनच्या पहाटे, पावणेचारच्या सुमारास हानेदाला उतरले. दार उघडते, आणि चौघे जण जपान एअरलाइन्सच्या हाप्पी, म्हणजे आपल्या बंडीसारखे मोकळे सैल अंगरखे घालून शिडीवरून हात हलवत उतरतात. कंपनीला याहून स्वस्तात जाहिरात कधी मिळाली नसेल. ते हात कुणाला हलवतात, असा प्रश्न मला पडला, कारण चाहत्यांना पोलिसांनी विमानतळाच्या जवळपासही फिरकू दिले नव्हते. पुढे गाड्यांचा ताफा शहराकडे निघतो. ऑलिंपिकच्या सुमारास बांधलेला उंच द्रुतगती मार्ग इतर वाहनांसाठी बंद केलेला, पहाटेचा करडा उजेड, आणि या मोकळ्या रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्यांच्या चित्रांवर वाहिनीने ‘मिस्टर मूनलाइट’ हे गाणे घातले आहे. गाण्याच्या आरंभीच लेनन एकट्याने, साथीशिवाय, जवळजवळ हंबरडा फोडावा तशी साद घालतो, आणि ती साद रिकाम्या रस्त्यावर ऐकताना अंगावर काटा येतो. इथल्या त्या पिढीतली माणसे आजही बीटल्स म्हटले की आधी या दृश्याबद्दल बोलतात, गाण्याच्या कार्यक्रमाबद्दल मागाहून. ज्या कुणी संकलकाने हे गाणे निवडले, त्याला माझा नमस्कार कळवता आला असता तर बरे झाले असते.

सभागृहातली तऱ्हाही तशीच. ३० जूनला एक, १ आणि २ जुलैला दोन-दोन, असे पाच प्रयोग झाले, दर प्रयोगाला सुमारे १०,००० प्रेक्षक. तिकिटे २,१००, १,८०० आणि १,५०० येनची, आणि तीही सोडतीत नशीब उघडले तरच. अनेक शाळांनी विद्यार्थ्यांना जायला मनाई केली होती. रंगमंच चांगलाच उंच, ड्रमवाला रिंगो त्याहूनही उंच चौथऱ्यावर, आणि रंगमंचासमोरच्या मैदानी भागात एकही खुर्ची नाही. प्रेक्षक सारे सज्जांत, आणि त्यांच्या आजूबाजूला पोलीस. जागेवरून उठायचे नाही, अशी ताकीद. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो तेव्हा रुमाल हलताना दिसतात, मुली तोंडावर हात दाबून रडताना दिसतात, पण सगळ्या बसलेल्या. सुरुवातीला जॅकी योशिकावा आणि ब्लू कॉमेट्ससारखे जपानी कलाकार होते, ड्रिफ्टर्स हे विनोदी मंडळही होते. त्यांच्याविषयी एवढेच पुरे.

आता तुझ्या प्रांतातली गोष्ट. ही मी शेवटपर्यंत राखून ठेवणार होतो, पण राहवत नाही. कार्यक्रमाचे चित्रण एकदा नव्हे, दोनदा झाले. पहिले ३० जूनच्या रात्रीच्या पहिल्याच प्रयोगाचे. त्यात हे लोक गडद रंगाच्या सुटांत आहेत. पहिले गाणे सुरू झाले आणि मॅकार्टनीसमोरचा माइक हळूहळू वळू लागला. त्याने हाताने सरळ केला, तो पुन्हा वळला. पट्टी सैल असावी, किंवा खालचा खांब, ते तू सांगशील. दोन्ही हात बास गिटारीत गुंतलेले, त्यामुळे गाणारा माणूस माइकच्या मागे मागे मान फिरवत जातो, मधेच संधी साधून त्याला जागेवर आणतो, मित्राकडे पाहून हसतो, आणि आवाज जवळ येतो, दूर जातो. त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टीन याने ते चित्रण नापसंत केले. वाहिनीला दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रयोगाचे चित्रण नव्याने करावे लागले. त्यात सूट फिकट, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि माइक जागच्या जागी. तेच त्या रात्री ९ वाजता दाखवले. दुपारी टिपलेला कार्यक्रम त्याच रात्री, तासाभराच्या चौकटीत बसवून, आणि तोही रंगीत, हे त्या काळी काय दिव्य असेल याची कल्पना मला नाही, तुला आहे. रंगीत संच मात्र तेव्हा अगदी मोजक्या घरांत होते, म्हणजे बहुतेकांनी तो कृष्णधवलच पाहिला. टोकियोच्या परिसरात त्या रात्री ५६.५ टक्के घरांत हाच कार्यक्रम लागला होता.

दोन्ही चित्रणे लागोपाठ पाहिल्यावर माझे मत असे झाले, आणि ते तुला मान्य होणार नाही याची मला खात्री आहे, की खरे चित्रण पहिलेच आहे. कारण सांगतो. अमेरिकेत आणि विलायतेत या मंडळींना किंकाळ्यांच्या गदारोळात स्वतःचे वाजवणे ऐकू येत नसे. काय वाजते आहे याची फिकीर करण्याची सवयच मोडली होती. टोकियोत प्रेक्षकांना बसवून ठेवल्यामुळे आरडाओरडा पुष्कळ कमी होता, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःचा सूर कानावर आला. तो फारसा चांगला नव्हता. पहिल्या रात्री कुठे कंठ उतरतो, कुठे दोघांचे मेळ सुटतात. ‘पेपरबॅक रायटर’मध्ये तर स्टुडिओत आवाजांवर आवाज चढवून केलेली करामत रंगमंचावर पेलत नाही, हे माझ्यासारख्या बेसुऱ्यालाही कळते. त्यांचा ‘रिव्हॉल्वर’ हा नवा गाण्यांचा संच आठवडाभरापूर्वीच मुद्रित होऊन पूर्ण झाला होता, त्यातले एकही गाणे त्यांनी इथे म्हटले नाही. अकरा गाणी, अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ, खाली वाकून नमस्कार, आणि पडद्याआड. माइकच्या मागे मान फिरवणारा मॅकार्टनी पाहताना मला वाटले की, या लोकांना आपल्या या कामाचा सांधा कुठे निखळला आहे ते इथे प्रथम कळले असावे. दोनच महिन्यांनी, २९ ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तिकीट लावून केलेला अखेरचा कार्यक्रम झाला, ही वस्तुस्थिती तुला माहीत आहेच. मी दोहोंचा संबंध जोडतो, तो माझ्या जबाबदारीवर.

दुसऱ्या दिवशीचे चित्रण सफाईदार आहे, सूर बरेच सावरलेले आहेत, आणि म्हणूनच ते मला थोडे दुकानातल्या काचेमागच्या वस्तूसारखे वाटते. तू म्हणशील की माइक सैल ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर यायचे होते, त्याचा विचार कर. केला. त्या रात्री त्याला झोप लागली नसणार.

हॉटेलात या चौघांना अक्षरशः कोंडून ठेवले होते, एक-दोनदा कुणी गुपचूप निसटला तेवढाच. दुकानदार खोलीत माल घेऊन येत. कंटाळून त्यांनी एका मोठ्या कागदाच्या चार कोपऱ्यांत बसून, मधोमध दिवा ठेवून, एक चित्र रंगवले. दिव्याच्या जागी पांढरे वर्तुळ राहिले, त्यात सह्या केल्या. ते चित्र २०२४ साली न्यूयॉर्कला लिलावात १७ लाख डॉलरांवर गेले. टेलिव्हिजनचा कॅमेरा या खोलीत नव्हता.

आणखी एक कॅमेरा मात्र सगळीकडे होता, तो पोलिसांचा. टोकियोच्या पोलिसांनी या बंदोबस्ताची सुमारे ३५ मिनिटांची कृष्णधवल फिल्म काढली आणि कपाटात ठेवली. नागोयाच्या एका नागरिक गटाने माहितीच्या हक्काखाली ती मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथे गटाच्या विरुद्ध निकाल लागला. अखेर २०२२ साली फिल्म हाती आली, ती चार बीटल्स सोडून बाकी सर्वांचे चेहरे पुसट करून. मी ती पाहिली. रांगेतल्या मुली, फलक धरणारे, पोलीस, सगळे बिनचेहऱ्याचे. वाहिनीच्या चित्रणात ज्या मुलीचे रडणे मी स्पष्ट पाहिले, ती कदाचित या धुक्यातही कुठे असेल. आज तिचे वय तुझ्या-माझ्याएवढे, कदाचित थोडे अधिक. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजीबाईंना मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारले, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या की शाळेने बंदी घातली होती, वडिलांनीही. पण टीव्ही वडिलांनी स्वतःच लावला आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

इथून ते मनिलाला गेले, तिथे त्यांचे फार हाल झाले, आणि परतीच्या वाटेवर दिल्लीला उतरले. चौघांतल्या जॉर्जने तिथे सतार घेतली. आपल्या देशात तेव्हा टेलिव्हिजन दिल्लीपुरतेच होते.

दोन्ही दिवसांचे जे मिळाले ते पेनड्राइव्हवर घातले आहे. जावई पुढच्या आठवड्यात पुण्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. कानाला तो मोठा हेडफोन लाव, वहिनींना आधी सांगून ठेव, आणि पहिल्या रात्रीचे पहिले गाणे ऐक. माइक खरोखर पट्टीपाशी सैल आहे की खांबच फिरतो आहे, ते मला कळव. माझी पैज पट्टीवर आहे, हरलो तर बेडेकरांची मिसळ माझ्याकडून.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
जिन्यातला शेजारी