पेशींच्या धड्यात सिकलसेल हवाच

महोदय,

चेतापेशी लांबलचक का, मूळरोमाची पेशी केसासारखी का, हा भाग शाळेत दोन तासिकांत उरकतो. आकृती, नावे, परीक्षेपुरते दोन गुण. पण तांबड्या रक्तपेशीपाशी, निदान आमच्या विदर्भात तरी, थांबायलाच हवे, कारण सिकलसेल हा आनुवंशिक आजार याच पेशीचा.

ही पेशी अस्थिमज्जेत घडता घडता आपले केंद्रक टाकून देते. ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकाही ठेवत नाही. म्हणजे जो ऑक्सिजन पोहोचवायचा, त्यातला कणभरही स्वतःसाठी खर्च करत नाही. त्या मोकळ्या जागेत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाचे सुमारे २७ कोटी रेणू बसतात. आकार दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीचा, त्यामुळे जेमतेम सात-आठ मायक्रोमीटरची ही पेशी आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही अंग दुमडून पार होते. हा प्रवास साधारण १२० दिवस चालतो.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते. बदल एवढाच! पण ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून ताठ होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि केशवाहिनीत अडकते. पुढे रक्त पोहोचत नाही, हातपाय, कंबर, छाती असह्य दुखते. या पेशी १०-२० दिवसांतच फुटतात. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळट.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या वर्गांत अशी मुले बसलेली असतात. त्यांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करणे जमत नाही, म्हणून त्यांना वारंवार बाहेर जावे लागते आणि पाणीही सारखे लागते, कारण शरीरातले पाणी घटले की दुखणे उफाळते. अशा मुलाला ‘नाटकं करतो’ म्हणून अडवणे किंवा भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावणे ही क्रूरता आहे. ती अज्ञानातून होते, पण सोसावी त्या लेकरालाच लागते.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. पण वाहक, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेली व्यक्ती, रोगी नव्हे, हे घरोघरी कोण सांगणार? दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्न ठरल्यावर कळून काय उपयोग? ‘वाहक’ शब्द ऐकताच सोयरिकी मोडतात, म्हणून लोक तपासणीच टाळतात.

शिक्षण विभागाला विनंती आहे की, तांबड्या रक्तपेशीच्या आकृतीशेजारी विळ्याच्या आकाराची पेशीही छापावी, नववी-दहावीत वाहकाचा अर्थ गणितासह शिकवावा आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात या मुलांची काळजी कशी घ्यावी यासाठी एक दिवस ठेवावा.

– एक विज्ञान शिक्षिका, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)