हाडमोडी तापातून उठलेल्यांची सायकल आणि आमचे मिस्त्रीभाऊ

आदरणीय मिस्त्रीभाऊ,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात डेंग्यूने अंथरुणाला खिळलेले आणि हिवाळ्यात ५० किलोमीटरची हौशी शर्यत पुरी केलेले आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. नाव छापायचं नाही ही तुमची अट, ती पाळतो. पण नागपूरच्या महाल भागातल्या त्या चिंचोळ्या सायकलच्या दुकानात तुम्ही केलेलं काम तपशिलाने मांडल्याशिवाय आभार पुरे व्हायचे नाहीत. पुढच्या पावसाळ्यानंतर हाच प्रश्न घेऊन कोणी आलं, तर त्यालाही ते कामी पडेल.

सगळ्यात आधी तुम्ही काम नाकारलंत, त्याचे आभार. पहिले डॉक्टरचा कागद दाखवा, मग पाना उचलतो, असं प्रत्येकाला सांगितलंत. प्लेटलेट दीड लाखाच्या वर आल्या की आपण बरे झालो, असं पुष्कळांना वाटतं. थकवा मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे अंगात राहतो. शिवाय विषाणूच्या तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. ती असताना शर्यतीचा जोर लावला तर ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि असं निदान झालं तर ३ ते ६ महिने शर्यत बंद. म्हणून आधी तपासणी आणि ईसीजी. छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा नेहमीच्या वेगाला न शोभणारी धाप, यातलं काहीही जाणवलं तर तिथेच पाय खाली टेकायचा. दुकानाच्या भिंतीवर तुम्ही खडूने लिहून ठेवलेली सूचनाही अजून पाळतो: सकाळी उठण्याआधी पडल्यापडल्या नाडी मोजा, नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त असतील त्या दिवशी सायकल घरी.

आता गिअर. खरं ऋण तिथलं आहे.

नागपूर सपाट, इथे हलके गिअर कशाला, हे बहुतेकांचं मत. सेमिनरी हिल्सचा चढ आणि दोनचार उड्डाणपूल सोडले तर चढ आहेतच कुठे? पण काटोल रोडवर सकाळचा वारा समोरून आला की सपाट रस्ताही चढ होतो, आणि तापाने मांडीचा स्नायू उतरलेला असला तर त्याचा घाट होतो. आमच्या बऱ्याच सायकलींना पुढे पॅडलजवळच्या दोन चकत्यांना ५३ आणि ३९ दात, आणि मागे ११-२८ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच होता. त्यातल्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.९ मीटर जाते. मिनिटाला ८० फेरे ठेवायचे तर वेग ताशी १४ किलोमीटर हवाच. त्याखाली आलात की पाय दाबून दाबून चालवावं लागतं आणि गुडघे भरून येतात. तुम्ही बसवलेल्या ५०-३४ आणि ११-३२ ने तोच फेरा सव्वादोन मीटरवर आला. ताशी ११ पर्यंत उतरलं तरी पाय गोल फिरत राहतात. वरच्या वेगात गमावलं फार थोडं, कारण ५०-११ वर ९० फेऱ्यांनी सायकल ताशी ५० च्या पुढे जाते. आजारातून उठलेल्याला ते कधी लागणार?

१०० फेऱ्यांच्या नादी लागू नका, हेही तुम्हीच बजावलंत. फार भराभर पाय मारले की स्नायूवरचा भार उतरून काळजावर जातो. आमच्यासाठी ८० ते ८५ पुरे.

ही अदलाबदल वाटते तेवढी सोपी नाही, आणि बिघडते ती इथेच. पाच भुजांच्या जुन्या ५३-३९ क्रँकवर (पॅडल आणि पुढच्या चकत्या ज्यावर बसतात तो भाग) ३४ दातांची चकती बसतच नाही, बोल्टचं वर्तुळच मोठं असतं. पूर्ण क्रँक बदलावा लागतो. मोठी चकती ३ दातांनी लहान झाली की तिची त्रिज्या ६ मिलीमीटरने घटते, म्हणून पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढाच खाली घ्यायचा. दात आणि डिरेलरच्या पिंजऱ्याची (चेन ज्यातून जाते ती चौकट) बाहेरची पट्टी यांत १ ते ३ मिलीमीटर अंतर राहायला हवं. हे राहून गेलं तर चेन वर चढायला कुचराई करते आणि कधी बाहेर पडते. मागच्या डिरेलरलाही आता ३७ दातांचा फरक सांभाळायचा असतो, पुढचे १६ आणि मागचे २१. आखूड पिंजऱ्याला ते झेपत नाही, लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागतो. आणि चेन जुन्याच मापाची ठेवली, तर कोणीतरी चुकून पुढे आणि मागे दोन्हीकडे सर्वांत मोठ्या चकतीवर चेन टाकतो आणि डिरेलर हँगरसकट (तो फ्रेमला ज्यावर लटकतो तो तुकडा) मोडतो. डिरेलरमधून न ओवता मोठ्या दोन्ही चकत्यांवरून चेन गुंडाळायची आणि वर एक जोडी कड्या जास्त ठेवायच्या, हे माप तुम्ही प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने करून घेतलंत. चेनची झीजही साध्या पट्टीवर दाखवलीत: २४ कड्यांचं माप १२ इंच भरलं तर ठीक, एक षोडशांश इंच जास्त आलं तर नवी चेन आणायची वेळ झाली.

हँडलबारचं काम वरून छोटं दिसतं. १०० मिलीमीटरचा, ६ अंशांचा स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा दांडा) उलटा केला की हँडल सुमारे २ सेंटिमीटर वर येतं. या तापात सांधे धरलेले असतात, मान आणि कंबर वाकवून तासभर बसवत नाही. हे २ सेंटिमीटर तिथे औषधासारखे लागू पडतात. क्रम मात्र चुकवायचा नाही. स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करून आधी वरच्या टोपीचा बोल्ट खेळ जाईपर्यंत आवळायचा, चाक सरळ धरायचं, आणि मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने ५ न्यूटन मीटरपर्यंत (आवळण्याच्या जोराचं माप). उलट केलं तर हेडसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, खडखडत राहतं. हँडल वर गेल्यावर केबल ताणल्या जातात. वळताना ब्रेक आपोआप लागतो तो त्यामुळे. तुम्ही केबल आणि आवरण दोन्ही नवीन घातलंत, त्यामुळे ओढही हलकी झाली. पंजातली ताकद कमी आहे हे ओळखून ब्रेकच्या लिव्हरमधल्या छोट्या स्क्रूने तो लिव्हर हँडलच्या जवळ आणलात, आणि पूर्ण दाबल्यावर तो हँडलला टेकत नाही ना हेही पाहिलंत. हे कोणी मागितलं नव्हतं.

टायरचं श्रेयही तुमचंच. शहरातल्या सिमेंट रस्त्यांचे जोड २५ मिलीमीटरच्या टणक टायरवर थेट मनगटात उतरतात. फोर्कमध्ये जागा असलेल्यांना तुम्ही २८ चे टायर दिलेत, नसलेल्यांना नाही म्हणालात. वजन उतरलंय, मग हवाही उतरवा, हे आमच्या डोक्यात आलं नसतं. ६० किलोच्या स्वाराला पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरली. बाभळीचा काटा निघाल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, कापूस अडकला तिथे दुसरा काटा, ही युक्ती आता आमच्यातला प्रत्येक जण वापरतो.

खोल रिमची महागडी चाकं तुम्ही कोणालाच विकली नाहीत, गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर उभं असतानाही. वर्धा रोडच्या मोकळ्या पट्ट्यात बाजूचा वारा लागला की ती चाकं हँडल ओढतात, आणि सावरायला लागणारी ताकदच तेव्हा हातात नसते.

शर्यतीच्या पहाटे तुम्ही स्वतः स्टँड आणि पंप घेऊन आलात. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं, तर थोड्या थोड्या वेळाने घोट घेत तासाला अर्धा लिटर पोटात गेलंच पाहिजे, असं दटावलंत. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. ते अख्खं ७५० च्या बाटलीत ओतलं तर पाणी दाट होऊन पोटात ढवळतं. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांत ते तुम्ही स्वतः वाटून दिलंत. आपलं संत्रं आम्हाला प्रिय, पण त्यात कर्बोदकं केळ्याच्या जवळपास निम्मी, आणि चालत्या सायकलीवर सोलणार कसं? खिशात केळं आणि चिक्की तुमच्याच सांगण्यावरून होती. घोळक्यात पुढच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं की पाव ते तिसरा हिस्सा कष्ट वाचतात, तेव्हा शेवटपर्यंत वाऱ्यासमोर येऊ नका, असं सांगून प्रत्येकाच्या पाठीवर थाप दिलीत.

आमचे ५३-३९ चे जुने क्रँक तुमच्या माळ्यावर आहेत, ते होळीपर्यंत तिथेच राहू द्या. परत मागायला येऊ तेव्हा सकाळच्या नाडीची वही सोबत आणू.

आपलेच,
डेंग्यूतून उठून शर्यतीत उतरलेले नागपूरचे सायकलस्वार