मुक्कामासाठी किती वाकडी वाट करावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोंगरभटकंतीच्या लेखांत आणि मार्गदर्शिकांत एक वाक्य हमखास सापडते: ‘निवारा मुख्य वाटेपासून ६०० मीटर आत.’ घरी खुर्चीत बसून वाचणाऱ्याला ६०० मीटर म्हणजे काहीच नाही. दिवसभर बारा-चौदा किलोची सॅक वाहून संध्याकाळी फाट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र त्या आकड्यातून हवे ते काहीच कळत नाही. आतली वाट चढते की उतरते? पाणी निवाऱ्याशीच आहे की आणखी खाली? आपल्या पानांवर अशी अंतरे छापताना मीटरच्या जोडीने चढ-उतारही द्यावा, ही विनंती. ती का, हे थोड्या आकडेमोडीने सांगतो.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही कामाला येतो. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि जितके चढायचे त्यातल्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे १० मीटर उंची वाढली की एक मिनिट वाढले. उतार तीव्र असेल तर तोही फुकट नसतो, दर ३०० मीटर उतरायला सुमारे १० मिनिटे जास्तीची धरतात.

आता मुख्य वाट डोंगराच्या धारेवरून, म्हणजे माथ्याच्या कण्यावरून, जाते आणि निवारा ६०० मीटर आत, पण धारेच्या १५० मीटर खाली आहे असे समजा. संध्याकाळी उतरायला सात अधिक पाच, म्हणजे बारा मिनिटे. सकाळी वर यायला सात अधिक पंधरा, म्हणजे बावीस. एकूण चौतीस. पण हा हिशेब ताज्या पायांचा आणि बऱ्या वाटेचा झाला. थकवा, ओझे आणि निसरडे दगड यांच्यासाठी तो दीडपट करावा लागतो, म्हणजे झाली पन्नास मिनिटे. तोच निवारा सपाटीवर असता, तर जाऊन-येऊन वीसेक मिनिटांत भागले असते. छापलेला आकडा दोन्हीकडे तोच.

शिवाय या पन्नास मिनिटांचा मोठा वाटा दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर पडतो. संध्याकाळी उतार असल्यामुळे ‘चला, जवळच आहे’ असे वाटते. सकाळी पाय आखडलेले, तंबू दवाने भिजून जड झालेला, आणि दिवसाचे पहिले पाऊलच खड्या चढावर. संध्याकाळची उधारी, सकाळची वसुली! पुढचा टप्पा लांबचा असेल तर ही वसुली फार महाग पडते.

निवारे असे आडबाजूला का बांधतात, याचे कारण बहुतेक वेळा पाणी असते. धारेवरून जाणाऱ्या वाटेला पाणी क्वचितच मिळते. वर पडलेले पाणी मुरत मुरत खाली कुठेतरी झरा होऊन बाहेर येते आणि निवारा त्याच्या आसपास उभा राहतो. अमेरिकेतल्या सुमारे ३,५०० किलोमीटरच्या अ‍ॅपलेशियन ट्रेलवर असे अडीचशेहून जास्त निवारे आहेत. बरेचसे तीन भिंतींचे, पुढून उघडे. खुणेसाठी मुख्य वाटेवर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्या आणि निवाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जाणाऱ्या फाट्यांवर निळ्या. खुणा कोणत्याही असोत, फाट्यावर वळल्यानंतर दोन-तीन मिनिटे चालूनही पुढची खूण दिसली नाही, तर शेवटची खूण होती तिथपर्यंत मागे यावे. ‘पुढे दिसेलच’ म्हणत जाणारा माणूस बहुधा गुरांच्या किंवा जनावरांच्या वाटेला लागलेला असतो.

फाट्यावरचा निर्णय थकव्यावर सोडू नये, उजेडावर घ्यावा. हात सरळ पुढे धरून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटे आडवी मावतात ते पाहायचे आणि एका बोटाला पंधरा मिनिटे धरायची, ही युक्ती बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण ती सूर्य तिरका मावळतो अशा दूरच्या अक्षांशांवरची आहे. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, तिथे बोटाला आठ-दहा मिनिटेच धरावीत. तिथला संधिप्रकाशही वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, आणि दाट झाडीखाली त्याआधीच दिसेनासे होते. उरलेल्या उजेडातून निवाऱ्यापर्यंतचा वेळ वजा करा, वर एक तास वजा करा. हा तास चैनीचा नाही. पाणी शोधून, भरून, गाळून घ्यायला अर्धा तास जातो, आणि निवारा भरलेला निघाला तर जागा शोधून तंबू लावायला उरलेला अर्धा. बाकी शून्याच्या खाली गेली, तर त्या फाट्यावर वळू नये.

मग काय करावे? वाटेवरच्या शेवटच्या पाण्यावर थांबून तिथेच रात्रीचे जेवण उरकावे, पाणी भरून घ्यावे आणि पुढे जमेल तिथे कोरडा, म्हणजे जवळ पाणी नसलेल्या जागी, मुक्काम करावा. जेवण आधीच झालेले असेल, तर रात्र आणि सकाळ मिळून माणशी दोन लिटर पुरतात. स्वयंपाक मुक्कामावर करायचा असेल तर तीन. तीन लिटर म्हणजे तीन किलो, हे खरे. पण तीन किलो अर्धा तास वाहणे आणि सगळी सॅक दीडशे मीटर खाली नेऊन पुन्हा वर आणणे, यांत आम्हाला पहिलेच बरे वाटते. मात्र हे पाणी आहे असे पक्के माहीत असेल तरच. नकाशावरची निळी रेघ कोरड्या महिन्यांत निव्वळ शाई ठरू शकते.

तंबूच लावायचा तर वाटेपासून किती आत? वाट आणि पाणी या दोन्हींपासून साठ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावले, हा बऱ्याच ठिकाणी सांगितला जाणारा दंडक आहे. नॉर्वेत मोकळ्या रानात तंबू लावायचा सर्वांना हक्क आहे, पण राहत्या घरापासून किंवा केबिनपासून दीडशे मीटर लांब. उलट काही राष्ट्रीय उद्यानांत ठरवून दिलेल्या जागेबाहेर झोपताच येत नाही. तिथे वरचा सगळा हिशेब घरूनच करून निघावे लागते. नियम आड येत नसेल, तर साठ-सत्तर मीटरपेक्षा खोल शिरून सहसा काही मिळत नाही. जागा थोडी सपाट मिळेल, पण सकाळी वाट सापडायला हवी ना!

पायवाट नसलेल्या रानात शिरण्यापूर्वी, म्हणजे वाटेवर उभे असतानाच, दोन गोष्टी करायच्या. होकायंत्रावर दिशा पाहून ती लिहून ठेवायची आणि फोनच्या नकाशावर त्या जागेची खूण करायची. तंबूची नाही, वाट सोडली त्या जागेची. बहुतेक जण नेमके उलटे करतात. मग आत जाताना एकाच पायाची पावले मोजायची. सपाटीवर शंभर मीटरला अशी साठ-पासष्ट होतात, झाडोऱ्यात ऐंशीच्याही वर. ७० अंशांवर आत गेलात, तर परतीची दिशा २५०. तीनशे मीटरवर दहा अंशांची चूक तुम्हाला पन्नासेक मीटर बाजूला नेते. वाट लांबलचक आणि सरळ असेल तर या चुकीने बिघडत नाही, थोडे अलीकडे-पलीकडे का होईना, तुम्ही वाटेलाच येऊन मिळता.

खरी फसगत वळणावर होते. वाट तुमच्यापासून दूर वळत असेल, म्हणजे तुम्ही वळणाच्या बाहेरच्या अंगाला उतरला असाल, तर थोड्या चुकीनेही वाट हुकते आणि माणूस तिला समांतर चालत राहतो. त्यामुळे जागा निवडायची तर वळणाच्या पोटात निवडावी. तिथून बहुतेक दिशांनी निघालात तरी वाट आडवी येतेच.

रात्री लघवीला उठलेला माणूस दिशा लिहून निघत नाही. तंबूत एक दिवा मंद लावून ठेवावा, शिट्टी गळ्यात असावी, आणि तंबूचा उजेड दिसतो तिथपर्यंतच जावे. मदतीची खूण मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. तिला उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे. हा बाऊ नव्हे. अ‍ॅपलेशियन ट्रेलवर मेन राज्यात २०१३ मध्ये देहधर्मासाठी वाट सोडून आत गेलेल्या एका महिलेला परत वाट सापडली नाही. दोन वर्षांनी त्यांचे अवशेष मिळाले, तेही ट्रेलपासून दोन मैलांच्या आत.

गट असेल तर फाट्यावर आणखी एक घोळ होतो. पुढचे उत्साहाने निवाऱ्याकडे वळतात, मागचे मान खाली घालून सरळ निघून जातात. शेवटचा माणूस येईपर्यंत पहिल्याने फाटा सोडायचा नाही. सॅक ठेवून पुढे गेलो तर कळेल, चिठ्ठी लावली तर कळेल, असल्या पळवाटा नकोत.

हा सगळा हिशेब हवामान बिघडले की बाजूला ठेवायचा. वीज कडाडत असताना धारेवर थांबण्यापेक्षा तासभर खाली उतरणे केव्हाही चांगले. कपडे भिजलेले, वारा सुटलेला आणि पारा दहाच्या खाली असेल, तर छप्पर किती आत आहे हे विचारूच नये. गोठवणारी थंडी नसतानाही शरीर गारठून माणूस दगावतो. कोणी थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल, तर दोन किलोमीटरही जवळच. अट एकच, ते छप्पर तिथे आहे याची खात्री हवी.

लेखकांना यासाठी फार खटाटोप करावा लागणार नाही. ‘फाट्याला निळी खूण. निवारा ६०० मीटर आत, १५० मीटर खाली. पाणी त्याच्याही खाली २०० मीटर, कोरड्या महिन्यांत आटते. आठ जणांची जागा.’ तीन ओळींत मावते.

कळावे,
डोंगरवाटांवरचे काही जुने वाचक