पाच गिअर आले पण रेशो चुकीचा, गिअरबॉक्स बदलून द्या नाहीतर पैसे परत द्या

नमस्कार साहेब,

तुमच्याकडून मी मागच्या महिन्यात मारुती 800 साठी फाइव्ह स्पीड गिअरबॉक्स मागवला, 18,500 रुपये आधीच भरले. गाडी 1997 ची, कार्बोरेटरवाली, वडिलांनी घेतलेली, इंजिन अजून ओरिजिनल आणि एकदम ठणठणीत. माझं दर आठवड्याला सातारा-पुणे होतं आणि चार गिअरवर 80 ला गेलं की इंजिन नुसतं ओरडतं, आपण चौथ्यात असूनही हात पाचव्यासाठी लिव्हरवर जातो. एवढ्यासाठीच हा खर्च केला.

मी काय मागितलं होतं ते व्हॉट्सअॅपवर लेखी आहे. मी नुसते पाच गिअर मागितले नव्हते, टॉपचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे) माझ्या चौथ्यापेक्षा 15 टक्के लांब, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन 15 टक्के कमी फिरेल असा पाहिजे, असं आकड्यासकट लिहिलं होतं, त्याहून जास्त लांब नको हेपण लिहिलं होतं कारण 796 सीसीच्या तीन सिलिंडरला चार माणसं बसवून फार लांब गिअर दिला तर जरा चढ आला की इंजिन दबतं आणि परत खालचा टाकावा लागतो. तुमचं उत्तर आलं, "हो दादा, तोच पाठवतो."

जुना बॉक्स उतरवायच्या आधीच मी मोजून ठेवलेलं. पुढचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, तिन्ही प्लग काढले, चौथा टाकला आणि उचललेलं चाक हातानं फिरवत क्रँक पुलीचे, म्हणजे इंजिनचेच, फेरे मोजले. एकच चाक फिरत असलं की डिफरन्शिअलमुळं (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) ते दुप्पट फिरतं, म्हणून चाकाचे 20 फेरे म्हणजे हिशोबाला 10. पुली फिरली 39 वेळा, म्हणजे 3.9. तुमचा बॉक्स बसवल्यावर पाचव्यात तसंच मोजलं तर 38. म्हणजे 3.8! फर्स्टला चाक हातानं फिरत नाही, तिथं पुलीला पाना लावून इंजिन फिरवलं, चाकाच्या दोन फेऱ्यांना आधी साडेपंधरा लागायचे, आता 18 लागतात.

आता हे रस्त्यावर काय होतं ते बघा. माझे टायर 145/70 आर 12, एका फेऱ्याला साधारण 1.6 मीटर. 80 च्या स्पीडला आधी इंजिन मिनिटाला 3250 फेऱ्यांच्या आसपास फिरायचं, आता 3165. तुम्ही कबूल केलेल्या रेशोनं 2760 व्हायला पाहिजे होतं. फर्स्ट तर इतका आखूड (लांबच्या उलटा) झालाय की 4000 आरपीएमला जिथं 25 चा स्पीड यायचा तिथं 21 येतो, सिग्नल सुटला की लगेच दुसरा टाकावा लागतो. खंबाटकी चढताना गाडी आधीपेक्षा चांगली ओढते, हे मी मान्य करतो, पण मला घाटासाठी बॉक्स नको होता, हायवेसाठी पाहिजे होता.

माझ्या मते यात क्राऊन-पिनियन (डिफरन्शिअल फिरवणारी गिअरची शेवटची जोडी, म्हणजेच फायनल ड्राइव्ह) दुसऱ्याच गाडीचं आहे. या गाडीत डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटात असतो, अँबॅसिडरसारखा मागच्या एक्सलला वेगळा नसतो, त्यामुळं बॉक्स घेतला की फायनल ड्राइव्ह त्याच्याबरोबरच येतो आणि तो आखूड असला की पाचही गिअर आखूड होतात. हे बॉक्स विकणाऱ्याला माहीत पाहिजे. बेल हाउसिंगचे (बॉक्स इंजिनला जोडणाऱ्या कव्हरचे) होल जुळले, गिअर मऊ पडतात, आवाज नाही, ते सगळं ठीक आहे, पण स्पीडोमीटरची केबल लावायलाच जागा नाही कारण तिथं सेन्सर आहे, आणि तेही तुम्ही आधी सांगितलं नाही. आज पंधरा दिवस झाले माझा काटा शून्यावर आहे.

फोन केला तर तुमचा माणूस म्हणतो मोठे टायर टाका, 145/80. तोही हिशोब केला, 80 ला 3000 च्या आसपासच राहतं, आणि वर चार टायरचा खर्च माझाच! दुसऱ्या वेळी म्हणाला पाच गिअर आले ना, मग तक्रार कसली. हे ऐकून खरंच वाईट वाटलं. ही गाडी 2014 पासून बनायची बंद आहे, जी माणसं अजून ती चालवतात ती जिवापाड सांभाळतात, त्यांना पार्टसाठी तुमच्यासारख्यांशिवाय दुसरीकडं जाता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच. बरोबर फायनल ड्राइव्हचा आणि केबलची जागा असलेला बॉक्स पाठवा, पाठवायच्या आधी वरच्याच पद्धतीनं इनपुट शाफ्ट (बॉक्सचा इंजिनकडचा दांडा) फिरवून टॉपचे फेरे मोजा आणि त्याचा व्हिडिओ मला टाका. जमत नसेल तर 18,500 परत करा, शिवाय काढण्या-बसवण्याची मजुरी 4,500 आणि दोन्ही बाजूचं ट्रान्सपोर्ट तुमच्याकडं. बॉक्स नीट आहे, सील तुटलेलं नाही, मजुरीची पावती आणि मोजल्याचे व्हिडिओ सोबत जोडलेत. 15 दिवसात उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकणार आहे, कागद तयार आहेत.

जुना फोर स्पीड मी विकलेला नाही, पोत्यात गुंडाळून ठेवलाय. तुमचं उत्तर येईपर्यंत तोच परत बसवतोय, कारण सोमवारी मला पुण्याला जायचंय.

तुमचा ग्राहक,
सातारा