ढिगाऱ्यात शिरणारा यंत्रसाप

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2017 मध्ये मेक्सिको सिटीला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपला सापासारखा रोबो कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात उतरवला होता. जेमतेम दोन इंच जाडीच्या या यंत्राच्या तोंडाशी कॅमेरा आणि दिवा असतो; त्याचे सांधे आळीपाळीने एक वर-खाली, तर पुढचा डावी-उजवीकडे वळतो, आणि त्यामुळे माणसाचा हात कसाबसा जाईल अशा फटीतूनही तो अंग मुरडत पुढे सरकतो व आतले चित्र बाहेरच्या पथकाला दाखवतो. त्या वेळी त्याला कोणी जिवंत सापडले नाही, हे खरे. तरीही स्लॅब न हलवता आत डोकावता येणे हीच मला फार मोठी गोष्ट वाटते, कारण घाईने उचललेला एक तुकडा खाली अडकलेल्याच्या जिवावर बेतू शकतो.

तोक्योत शिगेओ हिरोसे यांनी असे यंत्र 1972 मध्येच चालवून दाखवले होते. आपल्याकडे महाडला 2020 मध्ये पाच मजली इमारत कोसळली, तेव्हा चार वर्षांचा मुलगा कित्येक तासांनी जिवंत निघाला. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने अशी उपकरणे, कण्हणे टिपणाऱ्या मायक्रोफोनसह, मिळवावीत आणि जवानांना त्यांचा सराव द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक