वादळी ढगांवरून विमान का नेत नाहीत?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की इंदूरची संध्याकाळची विमाने रखडतात, नाहीतर लांबचा वळसा घालून येतात. मग प्रवाशांत चर्चा सुरू होते : ढगांच्या वरून न्यायला काय हरकत आहे? हरकत मोठी आहे आणि ती सर्वांना नीट कळायला हवी.

मे-जूनमधल्या गडगडाटी ढगांचे माथे ५०,००० फुटांच्याही वर जाऊ शकतात. एअरबस ३२० ला परवानगी सुमारे ३९,००० फुटांपर्यंत, बोइंग ७३७ ला ४१,००० आणि पंख्याच्या एटीआर ७२ ला अवघी २५,०००.

पहिले बंधन दाबाचे. ३९,००० फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या एक-पंचमांश उरतो, आत मात्र ८,००० फुटांवर असतो तेवढा राखावा लागतो. या फरकामुळे विमानाच्या कवचावर आतून दर चौरस मीटरला साडेपाच टनांहून जास्त भार येतो. इतक्या उंचीवर केबिनचा दाब एकाएकी गेला, तर ऑक्सिजनचा मास्क लावायला माणसाला जेमतेम १५-२० सेकंद मिळतात.

त्याहून नाजूक प्रश्न वेगाचा. हवा विरळ झाली की तरंगत राहायला जास्त वेग लागतो. पण एअरबस ३२० ला ध्वनीच्या वेगाच्या ८२ टक्क्यांपुढे जायची मुभा नाही. वर जावे तशी किमान आणि कमाल वेगातली फट अरुंद होत जाते. टाक्या भरलेल्या असल्या किंवा वरची हवा नेहमीपेक्षा दहा अंशांनी उबदार असली, तर त्या दिवसाची उंचीची मर्यादा आणखी खाली येते. कॉकपिटमधला संगणक ती वजन आणि तापमान पाहून दाखवतो. अशा ठिकाणी ढगाच्या माथ्याजवळचा एक जोराचा हिसकासुद्धा विमान स्टॉल व्हायला, म्हणजे पंखांची उचल तुटून ते खाली पडू लागायला, पुरतो. १४ ऑक्टोबर २००४ रोजी अमेरिकेत प्रवासी नसलेले एक छोटे जेट त्याच्या कमाल उंचीवर, ४१,००० फुटांवर नेले गेले. वेग पडला, विमान स्टॉल झाले, दोन्ही इंजिने बंद पडली, ती परत सुरू झालीच नाहीत. दोन्ही वैमानिक गेले.

शर्यत लावूनही उपयोग नसतो. कमाल उंचीजवळ विमान मिनिटाला काहीशे फूटच चढते; वाढता ढग हजारो फूट चढतो. शिवाय माथ्यावर नुसते बर्फाचे कण असल्याने रडारवर तो फिका दिसतो, म्हणून वैमानिक रडारचा अँटेना खाली झुकवून ढगाचा ओला, खालचा भाग बघतात आणि जोरदार ढगापासून २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, दूर राहतात. वळसा पडतो तो यामुळे.

विमान कंपन्यांनी ‘हवामानामुळे विलंब’ एवढ्यावर न थांबता हे कारण उद्घोषणेत दोन वाक्यांत सांगावे. आणि मुंबई-दिल्लीहून पुढचे विमान गाठायचे असेल, तर या दिवसांत सकाळचेच तिकीट काढावे. हे ढग बहुधा दुपारच्या तापानंतर उभे राहतात.

आपला,
एक वाचक, इंदूर