फोचा रस्सा कशाचा, हे मेनूकार्डावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबई-ठाण्यातल्या छोट्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर मोमो आणि रामेनच्या जोडीला आता व्हिएतनामी फोही दिसू लागला आहे. तांदळाच्या चपट्या नूडल्स, पातळ नितळ रस्सा, वरून हिरवा पाला आणि लिंबू असा हा हलका, पोटभरीचा पदार्थ. त्याचे स्वागतच आहे. पण ‘व्हेज फो’ म्हणून समोर येणाऱ्या वाडग्यात फिश सॉस असू शकतो, कधी तर रस्साच कोंबडीच्या हाडांचा असतो, आणि हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. वर टोफू, मशरूम आणि पाकचोय ही चिनी पालेभाजी दिसली की वाडगा शाकाहारी ठरतो. फो देणाऱ्या प्रत्येक हॉटेलाने रस्सा कशाचा आहे आणि त्यात काय मिसळले आहे, हे कार्डावर मराठीत छापावे, एवढीच आमची मागणी आहे.

फिश सॉस म्हणजे मांदेलीच्या कुळातल्या बारीक मासळीचा अर्क. साधारण तीन भाग मासळीला एक भाग मीठ लावून ती पिंपात वर्षभर मुरवतात आणि खाली झिरपलेला तांबूस द्रव गाळून घेतात. एका वाडग्यात सुमारे 450 मिली रस्सा असतो, त्याला हा सॉस एक मोठा चमचा पुरतो. बाटलीचे झाकण उघडले की वास नाकात जातो, पण गरम रश्श्यात तो विरतो आणि मागे खारट-गोडसर चव तेवढी उरते. त्यामुळे खाणाऱ्याला चवीवरून ओळखता येईल, या भरवशावर राहता येत नाही.

हे मुद्दाम केले जाते असे आमचे म्हणणे नाही. दोन शेगड्यांच्या स्वयंपाकघरात सकाळी एकच मोठे पातेले चढते, त्याच रश्श्यात दिवसभर सगळे वाडगे भरतात. उपाय सोपा आहे. पातेल्यात फक्त मीठ घालावे आणि फिश सॉस देताना वाडग्यात घालावा. तो फार वेळ उकळला तर त्याचा सुवासही जातो, म्हणजे चवीच्या दृष्टीनेही हेच बरे. शाकाहारी रश्श्याचे पातेले, गाळणी आणि डाव मात्र वेगळेच हवेत. नूडल्स बुडवायची जाळी आणि तिचे पाणीसुद्धा.

भाज्यांच्या रश्श्याला चव येत नाही, ही तक्रार खरी नाही. 5 लिटर पाण्याला एक किलो पांढरा मुळा आणि गाजर, अर्धा कोबी, दाणे काढलेली तीन-चार मक्याची कणसे, भाजलेला कांदा, भाजलेले आले आणि 40-50 ग्रॅम सुके शिताके मशरूम, भिजवलेल्या पाण्यासकट. मंद आचेवर तास-सव्वा तास पुरे. अधिक ठेवला की कोबी-मुळ्याचा उग्र दर्प सुटतो आणि तो कशानेच झाकता येत नाही. व्हिएतनाममध्ये बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. तिथला शाकाहारी फो असाच, माशाशिवाय होतो. जैन गिऱ्हाइकाला मुळा, गाजर, कांदा, आले आणि बहुधा मशरूमही चालत नाहीत. कणीस, कोबी, दुधी यांचा वेगळा रस्सा करणे जमत नसेल, तर ‘जैन फो मिळणार नाही’ असे स्पष्ट सांगावे. त्याच पातेल्यातला कांदा गाळून देऊ नये.

गहू न चालणारे लोक तांदळाच्या नूडल्स म्हणून निर्धास्तपणे फो मागवतात. मात्र नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, होइसिन या गोडसर, घट्ट चिनी सॉसच्या बऱ्याच बाटल्यांतही असतो. व्हिएतनामी स्प्रिंग रोलसोबतच्या घट्ट सॉसमध्ये बहुधा शेंगदाणा असतो. ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती देण्याची सक्ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) 2020 च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांत आहे, पण ती केंद्रीय परवानाधारक किंवा 10 व त्याहून अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना. गल्लीतले एकच दुकान त्यात येत नाही. म्हणूनच मालकांनी हे आपणहून करावे.

आता चिकन फोविषयी. फोचे मूळ उत्तर व्हिएतनाममधले आणि तिथे मुख्य प्रकार गोमांसाचा. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशहत्याबंदी असल्याने इथे कोंबडीचाच योग्य, आणि तोही अस्सलच आहे. पण तो बाजारातला सूप क्यूब विरघळवून होत नाही. 20 वाडग्यांसाठी 12 लिटर पाणी, 4 किलो पाठ-मान-पाय आणि एखादी अंड्यावरची जून कोंबडी घ्यावी. ब्रॉयलर कोंबडीच्या मांसाला चव कमी, जून कोंबडीने रस्सा भरतो. हाडे आधी पाच-सात मिनिटे उकळून ते पाणी फेकावे, हाडे धुवावीत आणि पुन्हा थंड पाण्यात चढवावीत. ही पायरी गाळली की करडी मळी रश्श्यात मिसळते. पुढे साडेतीन-चार तास, झाकण न ठेवता, अधूनमधून एखादा बुडबुडा येईल एवढ्याच आचेवर. घाईने खळाखळा उकळले की चरबी फुटून पाण्यात मिसळते आणि रस्सा दुधाळ, गढूळ होतो. नंतर कितीही गाळला तरी तो नितळ होत नाही.

मसाला आपल्या ओळखीचाच. चक्रीफूल आणि जाड सालीची दालचिनी आपल्याकडेही मोठ्या प्रमाणावर व्हिएतनाममधूनच येते, तुर्भ्याच्या मसाला मार्केटात सहज मिळते. एवढ्या रश्श्याला पाच-सहा चक्रीफुले, दालचिनीचे बोटभर लांब दोन तुकडे, पाच-सहा लवंगा, एक मसाला वेलची आणि दोन मोठे चमचे धणे. कोरडेच भाजून पुरचुंडीत बांधावेत, शेवटचा पाऊण तास ठेवून काढून टाकावेत. पुरचुंडी दिवसभर पातेल्यात राहिली की संध्याकाळचा रस्सा कडवट लागतो आणि त्याला काढ्याचा वास येतो. कांदा आणि पाव किलो आले थेट जाळावर काळे होईपर्यंत भाजावे, पण काळी साल खरवडून मगच टाकावे. गोडीला खडीसाखर थोडीशीच. उरलेला रस्सा रात्रभर पातेल्यात झाकून ठेवणे धोक्याचे. पसरट भांड्यांत ओतून, खाली बर्फाचे पाणी ठेवून लवकर थंड करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. बाहेर राहिला तर आपल्या दमट हवेत तो सकाळपर्यंत आंबतो.

नूडल्समध्ये चूक होते ती सकाळीच शिजवून ठेवण्याची. सुक्या नूडल्स एका वाडग्याला 70-80 ग्रॅम, अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून, ऑर्डर आल्यावर उकळत्या पाण्यात 15-20 सेकंद. जाळी नीट निथळली नाही तर वाडग्यात पाणी उतरते आणि मेहनतीचा रस्सा पांचट होतो. पाल्यासाठी तुळस वापरू नये, तिचा लवंगेसारखा उग्र स्वाद रश्श्यावर चढतो. सब्जाच्या रोपाची पाने मूळच्या व्हिएतनामी पाल्याला कितीतरी जवळची. मुगाचे लांब मोड पावसाळ्यात कच्चे देऊ नयेत, मिनिटभर उकळूनच द्यावेत.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती. वाडगा आला की आधी नुसता रस्सा दोन चमचे प्यावा, मग लिंबू, मिरची, पाला. होइसिन आणि तिखट सॉस आधीच ओतले तर सगळे वाडगे सारखेच लागतात. ते बशीत घेऊन चिकनचे तुकडे त्यात बुडवावेत. फो दहा-पंधरा मिनिटांत संपवावा, पुढे नूडल्स फुगतात. शेजवान सॉस मागून तो मिळाला नाही म्हणून ऑनलाइन एक स्टार देणे अन्यायाचे आहे. हनोईत फोची अनेक दुकाने एकच पदार्थ विकतात आणि पातेले संपले की बंद होतात. इथल्या मालकाने चाळीस पदार्थांचे कार्ड दहावर आणले, तर त्याला साथ द्यावी.

पार्सलमध्ये रस्सा आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत असाव्यात. घरी रस्सा खळखळून उकळावा, नूडल्सवर आधी नुसते गरम पाणी ओतून त्या सुट्या करून निथळाव्यात आणि मगच रस्सा ओतावा. रश्श्याच्या डब्यावर ‘कोंबडी’ किंवा ‘भाज्या’ आणि ‘फिश सॉस आहे’ किंवा ‘नाही’ असे पेनाने लिहिले तरी चालेल.

– खानपान व्यवसायातील काही वाचक, वाशी-नेरूळ, नवी मुंबई